बर्फाशिवाय नमुने टिकवणारे ‘डेस’ द्रावण : लोणारच्या गाळावर घेतलेली परीक्षा

लोणार सरोवराच्या काठावरून चमचाभर काळा गाळ नळीत भरला, तेव्हापासून तो पुण्यातील प्रयोगशाळेच्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये पोहोचेपर्यंत आमच्या पहिल्या फेरीत सोळा तास लोटले होते. विवराचा कडा चढून वर येण्यात, गावात जेवण उरकण्यात आणि मग गाडीत दिवस सरला. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ आम्ही एका रसवंतीतून विकत घेतला होता, आणि जालना येईपर्यंत त्याचे पाणी झाले होते. त्या नमुन्यांतून काढलेला डीएनए आगारोज जेलवर, म्हणजे रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलीच्या थरावर, चालवला तेव्हा पट्टी दिसली खरी, पण तिच्याखाली थेट तळापर्यंत धूसर ओघळ पसरलेला होता. म्हणजे लांब रेणूंचे तुकडे झालेले होते. त्याहून मोठी अडचण अशी की उरलेल्या डीएनएमध्ये जे जिवाणू संख्येने जास्त दिसत होते ते सरोवरात मुळातच जास्त होते की प्रवासातील उबेत वाढले, हे सांगण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे उरला नव्हता. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत आम्ही ‘डेस’ या द्रावणाचा आधार घेतला. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि वर्षातून दोनचारदा क्षेत्रभेटीला जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून त्याचे हे परीक्षण आहे.

डेस ही कोणा एका कंपनीची वस्तू नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड, ईडीटीए आणि संपृक्त मीठ या तीन घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले ते नाव आहे. १९९१ साली स्यूटिन, व्हाइट आणि बोग या संशोधकांनी पक्ष्यांचे रक्त आणि ऊती फ्रीजरशिवाय टिकवण्यासाठी हे मिश्रण सुचवले. त्याच सुमारास देवमाशांच्या कातडीसाठीही मीठ आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड यांचा वापर प्रसिद्ध झाला होता. पुढे २००६ मध्ये सूत्रकृमींवर काम करणाऱ्यांनी ते उचलले आणि तिथून ते प्रवाळ, गाळ आणि माती अभ्यासणाऱ्यांच्या पिशवीत येऊन पडले. प्रमाण सोपे आहे : डायमिथाइल सल्फॉक्साइड २० टक्के, ईडीटीए ०.२५ मोलर, पीएच ८, आणि मीठ इतके की तळाशी काही खडे न विरघळता उरावेत.

हे तिन्ही घटक तीन वेगवेगळी कामे करतात. पेशी मेल्या की त्यांच्यातील आणि आजूबाजूच्या सूक्ष्मजीवांची डीएनए तोडणारी विकरे (एन्झाइम) मोकाट सुटतात, परंतु त्यांतील बहुतेकांना काम करण्यासाठी मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचे आयन लागतात. ईडीटीए हे आयन पकडून ठेवते आणि विकरे हातपाय बांधल्यासारखी पडून राहतात. संपृक्त मिठामुळे पेशींतील पाणी ओढले जाते, प्रथिनांचे काम बिघडते आणि नवी वाढ होऊ शकत नाही. लोणच्याच्या बरणीत जे घडते त्याच जातीची ही गोष्ट आहे. मात्र मीठ आणि ईडीटीए पेशीच्या आवरणातून आत सहजी शिरत नाहीत, आणि तिथे डायमिथाइल सल्फॉक्साइड उपयोगी पडते, कारण ते पेशीपटलातून झटकन पार होते आणि इतरांसाठी वाट सैल करते. थंडी या यादीत कुठेही नाही, आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने या द्रावणाची सगळी किंमत त्यातच आहे.

द्रावण तयार करण्याचे काम वाटते तितके निर्धोक नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. एका लिटरसाठी ईडीटीएचे डायसोडियम मीठ ९३ ग्रॅम लागते. ते सहाशे मिली पाण्यात टाकून चुंबकीय ढवळणीवर ठेवले की दुधासारखे पांढरे पाणी गरगर फिरत राहते आणि अर्धा तास झाला तरी काही विरघळत नाही. पहिल्यांदा करणारा विद्यार्थी इथे हमखास घाबरतो आणि पाणी गरम करू लागतो. वास्तविक इतके ईडीटीए पीएच ८ च्या जवळ आल्याशिवाय पूर्ण विरघळतच नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या एकेक करून सोडत गेले, साधारण दहा ग्रॅमच्या आसपास आले, की ते गढूळ पाणी पाचसात मिनिटांत काचेसारखे स्वच्छ होते. पाणी असे निवळताना पाहण्यात जे समाधान आहे ते कोणतीही तयार बाटली उघडून मिळत नाही, हे माझे वैयक्तिक मत.

यानंतर २०० मिली डायमिथाइल सल्फॉक्साइड घालायचे. ते १८.५ अंशांखाली गोठते, हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते, पण डिसेंबरातील एका सकाळी कपाटातून काढलेली बाटली आतून बर्फाच्या लादीसारखी घट्ट निघाली तेव्हाच ते खरे समजले. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर बाटली पूर्ववत झाली. पाण्यात मिसळताना हे रसायन उष्णता सोडते, त्यामुळे चंचुपात्र हाताला ऊन लागते. ते निवल्यावरच मीठ घालावे. मीठ घातल्यावर पीएच खाली घसरतो, तो पुन्हा तपासून ८ वर आणावा लागतो. ही पायरी अनेकजण गाळतात आणि आठवड्याने बाटलीच्या तळाशी मिठासोबत ईडीटीएही साचलेले सापडते. डायमिथाइल सल्फॉक्साइड त्वचेतून आत शिरते आणि स्वतःबरोबर इतर विरघळलेल्या वस्तूही नेते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालण्यात कुचराई करू नये. काहींना त्यानंतर तोंडात लसणासारखी चव येते. आमच्या गटात एकाला आली आणि दिवसभर त्याने डब्यातील भाजीला दोष दिला.

नळ्या निवडतानाही लक्ष द्यावे लागते. पॉलिस्टायरीनवर या रसायनाचा परिणाम होऊ शकतो, त्यामुळे स्वच्छ पारदर्शक दिसणाऱ्या स्वस्त नळ्यांचा मोह टाळून पॉलिप्रॉपिलीनच्या, पेचाचे टोपण असलेल्या नळ्या घ्याव्यात. आम्ही पंधरा मिलीच्या नळीत दहा मिली डेस आधीच भरून नेतो. काठावर उभे राहून, एका हातात गाळ आणि दुसऱ्या हातात बाटली धरून, वाऱ्यात दहा मिली मोजणे हा प्रकार एकदाच केला आणि पुन्हा करायचा नाही असे ठरवले.

लोणारबद्दल येथे थोडे सांगणे भाग आहे, कारण कोणतेही संरक्षक द्रावण सगळीकडे सारखे वागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळाशी असलेले पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. पीएच १० च्या जवळपास जातो. २०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मीठप्रिय आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव) असल्याचे सांगितले होते, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. एरवी पाणी हिरवे असते. त्यातील सर्पिल आकाराचे सायनोबॅक्टेरिया सूक्ष्मदर्शकाखाली स्प्रिंगसारखे दिसतात. काठावरचा गाळ वरून करडा आणि बोटभर खाली काळाकुट्ट असतो, आणि चमचा खुपसला की कुजलेल्या अंड्याचा वास नाकात भरतो. त्या काळ्या थरात ऑक्सिजन नसलेल्या जगातले सूक्ष्मजीव राहतात. चमचा वर आला की ते एका क्षणात परक्या मुलखात येऊन पडतात. हे वन्यजीव अभयारण्य असल्याने वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुने घेता येत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

तुलनेसाठी एखादा ‘खरा’ नमुना हवा होता, म्हणजे काठावरच्या काठावर गोठवलेला. कोरडा बर्फ आम्हाला लोणारमध्ये मिळाला नाही. शेवटी तोड निघाली ती गोठ्यातून. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रांच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात, तसा एक कॅन एका परिचितांकडून दोन दिवसांसाठी मिळाला. उणे १९६ अंशांचा तो कॅन दोघांनी पायवाटेने विवरात खाली उतरवला. त्यात बारा नळ्या बसल्या. त्याच जागच्या, त्याच चमच्यातल्या गाळाच्या बारा नळ्या डेसमध्ये, आणि बारा नुसत्याच बर्फात ठेवल्या. डेसच्या नळ्या त्यानंतर प्रयोगशाळेतील एका लाकडी कपाटात, कोणत्याही शीतकरणाविना, तीन महिने राहिल्या. त्यात एप्रिल आणि मे हे दोन महिने होते.

जेलवरचा निकाल सरळ होता. नायट्रोजनमधील नमुन्यांची पट्टी वर, घट्ट आणि उजळ. डेसमधील नमुन्यांची पट्टी त्याच उंचीवर, किंचित फिकट, पण ओघळ जवळजवळ नाही. बर्फातील नमुन्यांत पुन्हा तोच धूसर ओघळ. जिवाणू ओळखण्यासाठी वापरतात त्या १६एस जनुकाचा पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) डेसच्या बाराही नमुन्यांतून यशस्वी झाला, मात्र त्यांतील चार नमुन्यांत डीएनए दहापट पातळ केल्यावरच. हे ‘मात्र’ महत्त्वाचे आहे. डेसमधले ईडीटीए जर धुवून पूर्ण काढले नाही तर ते डीएनएबरोबर पुढे येते आणि पीसीआरच्या विकराला लागणारे मॅग्नेशियम स्वतःच गिळून बसते. नमुना तीन महिने ज्याने राखला तोच शेवटच्या टप्प्यावर दार अडवतो.

डीएनए काढण्याची पायरी हीच या द्रावणाची खरी कसोटी आहे, आणि इथे मी त्याचे गुण कापतो. मीठ आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड यांमुळे द्रावण पाण्यापेक्षा बरेच जड असते, म्हणून अपकेंद्रित्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) नळी फिरवली तरी पेशी तळाशी नीट बसत नाहीत. गाळ बसतो, मोकळ्या पेशी वर तरंगत राहतात. उपाय म्हणून फॉस्फेट बफर घालून द्रावण निम्मे पातळ करावे आणि मग फिरवावे, असे सर्वसाधारणपणे करतात. गोड्या पाण्याच्या नमुन्यांना ते चालते. पण मीठप्रिय आर्किया ज्या मिठावर जगतात तेच मीठ कमी झाले की त्यांच्या पेशी फुटतात, आणि त्यांचा डीएनए वरच्या द्रवात मोकळा होतो. मग तो द्रव बेसिनमध्ये ओतला की ज्यांना शोधण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच वाहून जातात. ईडीटीएमुळे ग्राम-ऋण (बाहेरून एक जादा पटल असलेल्या) जिवाणूंचे बाह्यपटलही सैल होते, त्यामुळे त्यांचाही काही डीएनए तीन महिन्यांत बाहेर आलेला असणे शक्य आहे. सारांश, डेसमधील वरचा द्रव कधीही फेकू नये.

तो न फेकण्याचा पहिला प्रयत्न आमच्या अंगाशी आला. वरच्या द्रवात नेहमीप्रमाणे दुप्पट इथेनॉल घातले आणि नळीत क्षणार्धात दाट पांढरा ढग उतरला. दोन विद्यार्थ्यांनी आनंदाने मला हाक मारली. तो ढग डीएनएचा नव्हता, मीठ आणि ईडीटीए यांचा होता; नळीत त्यांचा इतका साका बसला की डीएनए असलाच तर त्यात सुई शोधण्यासारखा होता. पुढच्या वेळी आम्ही वरचा द्रव आधी पाण्याने पातळ केला, त्यानंतर सिलिकाच्या स्तंभातून काढला आणि धुण्याची पायरी एकाऐवजी तीनदा केली. तेव्हा कुठे कामाचा डीएनए हाती आला. जिथे घट्ट भिंतींचे बॅसिलससारखे जिवाणू आणि त्यांचे बीजाणू असतात तिथे काचमण्यांनी दळण्याची पायरी अर्थातच लागतेच. डेस पेशी टिकवते, त्या फोडण्याचे काम ते आपल्यासाठी करत नाही.

गाळाचे आणि द्रावणाचे प्रमाण हा आणखी एक मुद्दा, ज्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. दहा मिली डेसमध्ये ईडीटीएचे २.५ मिलिमोल असतात आणि एक ईडीटीए एकच कॅल्शियम धरू शकते. चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, पाव ग्रॅम म्हणजेही नेमके २.५ मिलिमोल. लोणारसारख्या कार्बोनेटने भरलेल्या गाळाचे चार-पाच ग्रॅम त्या नळीत कोंबले, तर हळूहळू विरघळणारा चुनाच सगळे ईडीटीए व्यापून टाकू शकतो आणि विकरांना बांधायला काही शिल्लक राहणार नाही. त्यामुळे आम्ही दहा मिलीला दोन ग्रॅमहून जास्त गाळ घेत नाही. गाळ नळीत टाकल्यावर ती अर्धा मिनिट जोरजोरात हलवावी लागते, हेही अनुभवाने शिकलो. डेसच्या पहिल्या फेरीतील एका नळीत पेढ्याएवढी ढेप तशीच राहिली होती. बाहेरून डेसमध्ये बुडालेली, पण आतून सरोवराचेच पाणी धरून बसलेली. तिच्या आतल्या भागापुरते द्रावण असून नसल्यासारखेच होते.

पाण्याच्या नमुन्यांसाठी माझे मत वेगळे आहे. सरोवराचे पाणी थेट डेसमध्ये ओतणे म्हणजे द्रावण पातळ करून वाया घालवणे होय. पाणी आधी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून ती गाळणी डेसमध्ये बुडवावी. लोणारचे हिरवे पाणी सत्तर-ऐंशी मिली झाले की गाळणी तुंबते आणि पिचकारीचा दट्ट्या दोन्ही अंगठ्यांनी दाबला तरी हलत नाही, त्यामुळे एका नमुन्याला तीन-तीन गाळण्या लागतात आणि प्रत्येक गाळणीमागे दहा मिनिटे जातात. त्या दहा मिनिटांत पेशी उन्हात, दाबाखाली आणि कोरड्या होत असतात. पुढे उरणच्या मिठागरातील गुलाबी पाण्यावर हेच करताना एका विद्यार्थिनीने गाळणी ‘स्वच्छ’ करण्यासाठी तिच्यावर ऊर्ध्वपातित पाणी सोडले. गाळणीवरचा गुलाबी थर आमच्या डोळ्यांदेखत फिकट झाला आणि खालच्या फ्लास्कमध्ये रंग उतरला. पेशी फुटून खाली गेल्या होत्या. डेसचा त्यात काही दोष नव्हता, पण त्या गाळणीवर नंतर कितीही उत्तम द्रावण घातले असते तरी उपयोग नव्हता.

बाकीच्या पर्यायांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. इथेनॉल सर्वांना ठाऊक आहे. ९५ टक्के इथेनॉल सूक्ष्मजीव समुदायासाठी चांगले काम करते, परंतु ओल्या गाळातील पाणी त्यात मिसळून ते ७० टक्क्यांवर आले की भरवसा राहत नाही. २०१६ मध्ये विष्ठेच्या नमुन्यांवर प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ९५ टक्क्यांचे इथेनॉल आठ आठवडे टिकाव धरून होते आणि ७० टक्क्यांचे नापास झाले होते. शिवाय महाराष्ट्रात शुद्ध इथेनॉल बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, ते पेट घेते म्हणून कुरिअरवाले हात लावत नाहीत, आणि टोपण जरा सैल राहिले की नळीवरच्या मार्करची शाई पुसून सगळ्या नळ्या अनामिक होतात. डेसने शाई पुसण्याचा प्रकार आम्हाला थोडाफार झाला. शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत सोडणे हा त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

अमोनियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणांचा पर्याय ज्यांना आरएनएही हवे आहे त्यांच्यासाठी आहे. डेस आरएनए राखण्याची हमी देत नाही आणि त्या कामासाठी ते घेऊच नये. पण या द्रावणांतही पेशी तळाशी न बसण्याची तीच तक्रार आहे, आणि थंडीत त्यांत स्फटिक धरतात. ग्वानिडीन असलेली आयात तयार द्रावणे वापरायला सर्वांत सुटसुटीत आहेत. पेशी तिथल्या तिथे फुटतात, विकरे निकामी होतात आणि रोगकारक असतील तर तेही मरतात. त्यांची किंमत मात्र अशी आहे की आमच्या बिलांप्रमाणे एक लिटर डेस हजार रुपयांच्या आतबाहेर होते, तर त्याच्या कितीतरी पट पैशात तयार द्रावणाची जेमतेम पन्नास मिलीची बाटली येते, आणि तीही मागवल्यावर कित्येक आठवड्यांनी. ही द्रावणे वापरणाऱ्यांना एकच सूचना : सांडल्यास त्यावर ब्लीच ओतू नका, विषारी वायू निघतो. प्रयोगशाळेत फरशी पुसणाऱ्या मावशींना हे आधी सांगून ठेवावे, कारण ब्लीचची बाटली त्यांच्या हातात असते.

नमुने टिकवण्याचा इतका सोसच कशाला, असे कोणी विचारेल, आणि प्रश्न गैर नाही. लॉबर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये माती, त्वचा आणि विष्ठेचे नमुने २० अंशांपासून उणे ८० अंशांपर्यंतच्या तापमानांत चौदा दिवस ठेवून पाहिले, तेव्हा समुदायाचे एकूण चित्र फारसे बदललेले नव्हते; दोन ठिकाणच्या मातींतील फरक साठवणुकीमुळे आलेल्या फरकापेक्षा मोठाच राहिला. शेतातील किंवा माळावरील मातीसाठी मी हा दिलासा मानतो आणि विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पांत मातीला डेस घालण्याचा आग्रह धरत नाही. पण ऑक्सिजनविरहित काळा गाळ उघड्या हवेत आणि तीस-चाळीस अंशांच्या उन्हात सोळा तास, ही परिस्थिती त्या प्रयोगात नव्हती, आणि ज्याला डीएनएच्या लांब तुकड्यांचे वाचन करायचे आहे त्याला समुदायाचे चित्र टिकून भागत नाही. त्याला रेणूही अखंड हवे असतात.

घरी केलेल्या द्रावणाबद्दल एक शंका माझ्या मनात कायम असते, ती स्वच्छतेची. ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए पूर्णपणे नाहीसा होत नाही, आणि रसायनांतून आलेला असा परका डीएनए कमी पेशी असलेल्या नमुन्यांत खऱ्या समुदायासारखा मिरवू शकतो. २०१४ पासून या विषयावर बरीच जागरूकता आली आहे. गाळात पेशी इतक्या असतात की हा धोका नगण्य ठरतो, पण गरम झऱ्याचे नितळ पाणी किंवा पावसाचे पाणी असेल तर तो खरा आहे. आम्ही दर फेरीत डेसच्या दोन नळ्या काठावर उघडतो, त्यांत काही न टाकता बंद करतो आणि बाकीच्यांबरोबर शेवटपर्यंत नेतो. मागच्या फेरीत या कोऱ्या नळ्यांपैकी एकीत पीसीआरची फिकट पट्टी आली. ती कोठून आली याचा छडा लागला नाही, त्या तुकडीची उरलेली बाटली ओतून टाकली आणि ईडीटीएचे द्रावण डायमिथाइल सल्फॉक्साइड घालण्यापूर्वी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढण्याची शिस्त लावून घेतली.

गुण द्यायचेच तर गाळासाठी पाचापैकी साडेचार, गाळणीवरील पेशींसाठी साडेतीन, आरएनएसाठी शून्य, आणि ज्यांना नमुन्यातून सूक्ष्मजीव पुन्हा वाढवायचे आहेत त्यांच्यासाठीही शून्य, कारण डेसमध्ये गेलेल्या पेशी जिवंत परत मिळतील अशी आशा धरू नये; त्यासाठी वेगळी, द्रावणाविना नळी न्यावी. एका अभ्यासात अर्धे नमुने डेसमध्ये आणि अर्धे गोठवलेले असे करू नये, कारण मग दोन ठिकाणांतील फरक सरोवराचा आहे की बाटलीचा हे कळणार नाही. आम्ही यंदाच्या पावसाळ्यानंतरच्या फेरीसाठी साठ नळ्या भरून ठेवल्या आहेत. त्यांतील काहींच्या टोपणाच्या पेचांत आत्ताच मिठाचे पांढरे कण धरले आहेत आणि त्या उघडताना करकर वाजतात. निघण्याच्या आदल्या रात्री ओल्या टिश्यूने पेच पुसून, चिठ्ठ्या आत टाकून, डबा गाडीत चढवायचा आहे, आणि रसवंतीवाल्याकडे या वेळी फक्त रस प्यायचा आहे.